आध्यात्मिक युद्ध: नव्याने विश्वासात आलेल्यांनी पाय कसे रोवायचे

बाप्तिस्मा झाला, आता सगळं सुरळीत होईल, असं धरून चालणाऱ्यांना पहिले काही महिने फार जड जातात. झोप उडते, घरात कुरबुरी वाढतात, सुटली असं वाटलेली जुनी सवय पुन्हा डोकं वर काढते. प्रार्थनेला बसावं तर नेमकी तेव्हाच शंका येते की हे सगळं खरं आहे ना. असं होणारे तुम्ही एकटे नाही. मार्काच्या शुभवर्तमानात येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन वर येतो, ‘तू माझा पुत्र’ अशी आकाशवाणी होते आणि लगेच पुढच्या ओळीत आत्मा त्याला रानात घेऊन जातो. तिथे चाळीस दिवस सैतान त्याची परीक्षा पाहतो. बाप्तिस्म्यामागोमाग परीक्षा, हा क्रम प्रभूलाही चुकला नाही.

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत नवे लोक अनेक वाटांनी येतात. कोणी पेठेतल्या जुन्या वाड्यातून, कोणी पिंपरीच्या चाळीतून, कोणी लातूर-नांदेडहून नोकरीसाठी हिंजवडीत येऊन चौघांत खोली घेऊन राहणारा. ‘आध्यात्मिक युद्ध’ हे शब्द उपदेशात त्यांच्या कानांवर पडतात, पण सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं ते बरेचदा कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं काम: शत्रू कोण नाही, ते पक्कं करा

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल शस्त्रसामग्रीचं वर्णन करतो, पण त्याआधी एक गोष्ट बजावतो: आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. हे लिहिताना तो कैदेत होता; त्याच अध्यायात तो स्वतःला बेड्या पडलेला वकील म्हणतो. ज्यांनी त्याला पकडलं, ज्यांनी पहाऱ्यात ठेवलं, त्यांच्यापैकी कुणालाही त्याने या लढाईतला शत्रू म्हटलेलं नाही.

आपल्याकडे नेमकं इथेच बिनसतं. आई रडते, वडील बोलणं टाकतात, मोठा भाऊ विचारतो, ‘आमच्यात काय कमी होतं?’ आणि नवा विश्वासणारा मनात ठरवून टाकतो की सैतान आईच्या तोंडून बोलतोय. असं ठरवलंत की लढाई तिथेच हरलात, कारण पाचव्या आज्ञेत ज्यांचा मान राखायला सांगितलंय त्यांच्याच विरुद्ध तुम्ही उभे राहिलात.

गणपतीचे दिवस घ्या. सगळे टाळ घेऊन आरतीला उभे असताना मुलगा आतल्या खोलीचं दार लावून बसतो. त्याला वाटतं, आपण प्रभूसाठी उभे राहिलो. घरच्यांना वाटतं, याने पाहुण्यांसमोर आईची शोभा केली. हे टाळता येतं. सण यायच्या पंधरा दिवस आधी, घरात दुसरं कुणी नसताना, आईशी बोला: ‘आई, मी आरतीला उभा राहणार नाही, हात जोडणार नाही. पण तुझ्यावर कामाचा भार पडू देणार नाही. बाजारहाट, नारळ खवणं, पाहुण्यांचा चहा, रात्रीची भांडी, सगळं माझ्याकडे.’ आणि मग ते खरोखर करा. ऋषिपंचमीपर्यंत आईची कंबर मोडते, तेव्हा ओट्याशी उभं राहून सारणाचे नारळ खवणारा मुलगा घरापासून तुटला, असं कुणाला म्हणता येत नाही.

प्रसादाचा प्रश्न दरवर्षी येतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात आठव्या ते दहाव्या अध्यायांत पौल याच प्रश्नाभोवती बोलतो: मूर्ती म्हणजे काही नाही, तरी मूर्तीला वाहिलेलं आहे असं कळल्यावर खाऊ नका, आणि तुमच्या मोकळेपणामुळे दुबळ्या भावाला ठेच लागू देऊ नका. मंडळ्यांत याबाबत थोडाफार मतभेद आहे, म्हणून आपल्या पाळकांना विचारा. माझं मत असं की घेऊ नये. ‘नको गं आई’ एवढंच म्हणावं आणि त्यावर व्याख्यान देऊ नये. घरच्या देव्हाऱ्याला हात लावू नका. आईवडिलांच्या घरातली मूर्ती किंवा तसबीर हलवायचा अधिकार बाप्तिस्म्याने तुम्हांला मिळालेला नाही.

सासरी एकटीच विश्वासात आलेल्या सुनेची गोष्ट आणखी अवघड. तिला दर वेळी ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते. तिने राजे दुसरे पुस्तक, पाचवा अध्याय उघडून नामानाची गोष्ट वाचावी. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा होऊन परत निघताना संदेष्टा अलीशाला विचारतो: माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं परमेश्वर क्षमा करील ना? अलीशा त्याला झिडकारत नाही. ‘शांतीने जा’ म्हणतो. ही सवलत सगळ्यांनी सगळ्या वेळी वापरायची नाही, पण ज्या बहिणीच्या हातात काहीच नाही तिच्यावर मंडळीने ओझं लादू नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

घरचे बदलायला वेळ लागतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या काळात दोघांची ताटातूट झाली, अपमान झाले, पुन्हा भेट झाली. पुढे लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या मनाने, स्वतः विचार करून. तुमच्या घरच्यांनाही तेवढी मोकळीक द्या.

हल्ला ओळखायचा कसा

नवख्याला सगळ्यांत जास्त घायाळ करतो तो दोषारोप. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सैतानाला ‘आमच्या बंधूंना दोष देणारा’ असं नाव आहे, आणि त्याचं हेच काम रोज चालतं. अडचण अशी की पवित्र आत्माही पापाची जाणीव करून देतो, आणि सुरुवातीला दोन्ही आवाज सारखेच वाटतात.

फरक ओळखायची रीत आहे. आत्मा नेमकं बोट ठेवतो. आज दुपारी तू मैत्रिणीबद्दल खोटं बोललीस, तिला फोन करून सांग. त्यात काय चुकलं ते असतं, काय करायचं तेही असतं, आणि ते ऐकून तुम्हांला देवाकडे जावंसं वाटतं, भले मान खाली घालून का होईना. दोषारोप मोघम असतो. ‘तू अशीच आहेस. तू कधी बदलणार नाहीस. खऱ्या विश्वासणाऱ्याला असे विचार येतात का?’ त्यात करण्यासारखं काहीच नसतं, आणि ते ऐकून प्रार्थना टाळावीशी वाटते, रविवारी उपासनेला जाऊ नये असं वाटतं. असा आवाज आला की रोमकरांस ८:१ मोठ्याने म्हणा: जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच. आणि खरोखर पाप झालं असेल तर योहानाचं पहिलं पत्र १:९ प्रमाणे त्या पापाचं नाव घेऊन कबुली द्या आणि उठा. एका पापाची कबुली महिनाभर देत बसायची नाही.

दुसरा हल्ला मोहाचा. तो बहुधा थकवा, एकटेपणा आणि रात्र हे तिन्ही एकत्र आले की होतो. रूममेट झोपलेत, साडेबारा वाजलेत, हातात मोबाईल आहे. इथे मनोबलावर भिस्त ठेवू नका. मोबाईल झोपायच्या आधी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उठायला दोनशे-तीनशे रुपयांचं गजराचं घड्याळ घ्या. हा उपाय आध्यात्मिक वाटत नाही, पण पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तरुणपणाच्या वासनांशी लढत बस असं सांगितलेलं नाही, त्यांच्यापासून पळ काढ म्हटलंय.

तिसरा आपण हल्ला म्हणून मोजतच नाही: रागावून झोपणं. इफिसकरांस ४:२६-२७ सांगतं की तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये, आणि सैतानाला वाव देऊ नका. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. करणी-भानामतीला घाबरणारा माणूस सख्ख्या भावाशी जमिनीवरून वर्षभर अबोला धरून राहतो, तेव्हा दार कुठून उघडं राहिलंय हे दुसऱ्या कुणी सांगायला नको.

शस्त्रसामग्री रोजच्या वापरात

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातल्या शस्त्रसामग्रीच्या उताऱ्यात सर्वांत जास्त वेळा आलेली आज्ञा ‘टिकून राहा, उभे राहा’ ही आहे. चाल करून जा, मुलूख जिंका, असं तिथे नाही. विजय ख्रिस्ताने वधस्तंभावर मिळवलेला आहे. तुम्हांला त्या जागेवरून हलायचं नाही, इतकंच. रोमी शिपायाच्या वहाणांच्या तळाला खिळे ठोकलेले असत, ते पाय घसरू नये म्हणून. शांतीच्या सुवार्तेची सिद्धता पायी चढवा, याचा अर्थ मला त्यावरून उमगतो: देवाशी आपला समेट झालेला आहे, ही खात्री पायाखाली हवी.

कमरेला सत्य. याची परीक्षा उपासनेत होत नाही, ऑफिसात होते. फेब्रुवारीत कंपनी गुंतवणुकीचे पुरावे मागते आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी घरभाड्याची कोरी पावती पुढे सरकवतो: ‘काकांची सही घे, सगळेच करतात.’ किंवा नोकरीसाठी दोन वर्षांच्या अनुभवाचं खोटं पत्र तयार करून देणारा कुणीतरी भेटतो. खोट्या पावतीने कर वाचतो, पण त्या रात्री प्रार्थना करताना काहीतरी अडतं, आणि मग सैतानाला फार काही करावंच लागत नाही. नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, म्हणजे छातीवरचं चिलखतही याच्याशी जोडलेलं आहे. ते मुळात ख्रिस्ताचं नीतिमत्त्व, आपल्याला दान मिळालेलं, पण ते घालून वागायचं आपल्याला असतं.

ढालीवर मी थोडी जास्त थांबते. रोमी सैनिकाची मोठी ढाल लाकडाची, वरून चामडं चढवलेली, जवळजवळ सगळं अंग झाकणारी असे. सैनिक ढालीला ढाल भिडवून उभे राहत, आणि मग पुढून-वरून येणारे बाण अडत. एकटा शिपाई आपली पाठ झाकू शकत नाही. ज्या दिवशी तुमचा विश्वास क्षीण असेल त्या दिवशी शेजारच्याच्या विश्वासाच्या आडोशाला उभं राहायचं असतं, आणि त्यात कमीपणा नाही. ‘ताई, आज मला प्रार्थना करता येत नाहीये, तुम्ही माझ्यासाठी करा’ हे म्हणायला शिका. पहिल्या महिन्यातच अशी दोन माणसं शोधा ज्यांना रात्री अकरालाही फोन करता येईल. बहिणींनी बहिणी शोधाव्यात, भावांनी भाऊ.

तारणाचं शिरस्त्राण डोक्यासाठी, विचारांसाठी. त्याबद्दल वर दोषारोपाच्या संदर्भात बोललेच.

आत्म्याची तलवार म्हणजे देवाचं वचन. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशू सैतानाला तिन्ही वेळा वचनाने उत्तर देतो, आणि तिन्ही वचनं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. ती त्याला पाठ होती. आणखी एक लक्षात घ्या: त्याच प्रसंगात सैतानही स्तोत्र ९१ मधलं वचन वापरतो. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर रंगीत चित्रावर आलेलं एकच वचन धरून निर्णय घेऊ नका; मागचा-पुढचा अध्याय वाचा.

पाठांतराची सोपी रीत: आठवड्याला एक वचन, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं. पीएमपीच्या बसमध्ये किंवा वनाज-रामवाडी मेट्रोत कागद काढा, दोनदा वाचा, घडी घाला, मनात म्हणा. सुरुवात याकोब ४:७, १ करिंथकरांस १०:१३, स्तोत्र २७:१ आणि रोमकरांस ८:३८-३९ यांनी करा.

सकाळची पंधरा मिनिटं

जागेची अडचण खरी आहे. दीड खोलीत पाच माणसं असतील तर एकांत कुठून आणायचा? गच्ची, सोसायटीतला बाक, ऑफिस सुरू व्हायच्या आधीचं रिकामं कँटीन, कुठलीही जागा चालते. वाचनाला मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, रोज एक. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र, आणि सोबत रोज एक स्तोत्र. स्तोत्र १३ लवकर वाचा. ‘हे परमेश्वरा, किती वेळ?’ असं देवाला विचारता येतं, हे नव्या माणसाला माहीत नसतं.

प्रार्थना आपल्या बोलीत करा. उपदेशकांसारखी जड भाषा नको. शब्द सुचले नाहीत तर प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ ही आध्यात्मिक युद्धातलीच विनंती आहे आणि ती येशूने स्वतः शिकवली. उपास करायचा असेल तर मधुमेह असणाऱ्यांनी, गरोदर बहिणींनी आणि औषधं चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

मंडळी शोधताना

पुण्यात पर्याय भरपूर आहेत: गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय (चर्च), कॅम्पातली जुनी देवालयं, उपनगरांतल्या घरसभा. पंथ कोणता यापेक्षा मी आधी तीन गोष्टी बघेन. पवित्र शास्त्र उघडून शिकवतात का? पैशांचा हिशेब मंडळीपुढे ठेवतात का? पाळकांना प्रश्न विचारलेला चालतो का? ‘माझ्याविरुद्ध बोलणं म्हणजे अभिषिक्ताविरुद्ध बोलणं’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे दुसरी मंडळी बघा. मोबाईलवरचे उपदेश पूरक म्हणून ठीक, पण आजारपणात डबा घेऊन कोणताही व्हिडिओ येत नाही.

भूत, करणी, बाधा

याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे लोकांचं फार नुकसान होतं. दुष्ट शक्ती आहेत, असं शास्त्र सांगतं आणि मी ते मानते. पण मत्तय ४:२४ मध्ये आजारी आणि भूतग्रस्त अशी माणसं वेगवेगळी मोजलेली आहेत. प्रत्येक ताप, प्रत्येक फीट, प्रत्येक उदासी सैतानाची नव्हे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. संदेष्टा एलीया रानातल्या एका झुडपाखाली ‘माझा जीव घे’ म्हणाला तेव्हा देवदूताने त्याच्यातून काही काढलं नाही. त्याला झोपू दिलं, भाकर दिली, पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, मरणाचे विचार येत असतील, कानांत आवाज येत असतील, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरकडे जाच. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. येरवड्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद कर’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग तो व्यासपीठावर असो की घरसभेत. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं, दोरीने-साखळीने बांधणं, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि प्रार्थनेच्या नावाने केलं म्हणून तो गुन्हा पुसला जात नाही. मंतरलेलं तेल, रुमाल, ‘सुटकेची’ फी मागणाऱ्यांना एकच वचन पुरे, मत्तय १०:८: तुम्हांला फुकट मिळालं, फुकट द्या.

तुमचे स्वतःचे ताईत, गंडेदोरे असतील तर काढून टाका आणि पुढे त्याची भीती बाळगू नका. इफिसातल्या विश्वासणाऱ्यांनी जादूटोण्याची स्वतःची पुस्तकं जाळली. त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. स्वतःची, हे लक्षात असू द्या.

विरोध उघड झाला तर

पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८९० मध्ये शारदा सदन मुंबईहून पुण्यात. ‘केसरी’तून टीका झाली, १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्या काम सोडून गेल्या नाहीत. काही वर्षांनी दुष्काळात सापडलेल्या मुली गोळा करून त्यांनी केडगावला आसरा दिला. पुणे-दौंड मार्गावरचं हे मुक्ति मिशन आजही चालू आहे, एकदा बघून या. ख्रिस्ती झाल्यावरही त्या शाकाहारी राहिल्या, आणि शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकमधून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये मरण येण्याआधी ते पुरं केलं. आपली भाषा, आपली माणसं न सोडता ख्रिस्ताला धरून राहता येतं, हे पुणे जिल्ह्यातच घडलेलं आहे.

तुम्हीही कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाद घालू नका, दुसऱ्याच्या देवाबद्दल अपशब्द काढू नका. विचारलं तर १ पेत्र ३:१५ प्रमाणे सौम्यपणे उत्तर द्या, दोन वाक्यांत: मी काय होतो, प्रभूने काय केलं. मारहाण होत असेल तर मात्र गप्प बसणं म्हणजे स्थिर राहणं नव्हे. पौलाने फटके बसण्याआधी आपलं रोमी नागरिकत्व सांगितलं होतं, आणि दिमिष्कातून (दमास्कस शहरातून) तो टोपलीत बसून भिंतीवरून निसटला होता. ११२ ला फोन करा, पाळकांना सांगा, सुरक्षित जागी जा.

पडलात तर

पडणं होतंच. येशूने पेत्राला आधीच सांगितलं होतं की सैतानाने तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पेत्राने त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं. तरी ‘वळलास म्हणजे’ हे शब्द आधीच बोलून झाले होते.

म्हणून पडलात त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर न टाकता, रात्री अकरालाही फोन करता येईल म्हणून शोधलेल्या त्या दोघांपैकी एकाला फोन करा आणि काय झालं ते नाव घेऊन सांगा. कबुली द्या, ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून द्या, आणि त्या रविवारी नेहमीच्या बाकावर जाऊन बसा. प्रभुभोजनाला जावं की नाही असं वाटत असेल तर स्वतःच ठरवून मागे बसू नका. उपासनेआधी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन विचारा. त्यांना हा प्रश्न नवा नसतो.